पुस्तकात वीस फूट, पोटात तेरा

वाचक विचारतात : यावेळी लहान आतडं

सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकली की या सदराकडे पोटाची पत्रं येतात, हे ठरलेलंच. यंदा त्यात ऑपरेशनवाल्या घरांची भर पडली आहे. बहुतेकांनी सगळ्या तक्रारींचं बिल जठराच्या नावावर फाडलंय. जठर घुसळतं, साठवतं आणि थोडं थोडं पुढं सोडतं. पचवून रक्तात घेण्याचं बहुतेक काम त्याच्या पुढच्या लहान आतड्यात होतं. म्हणून या खेपेची सगळी उत्तरं तिथलीच.

सकाळी नऊला कडक भाकरी, शेंगा चटणी वर तेल आणि दही खाल्लं की दोनपर्यंत भुकेचं नाव नाही. तेवढाच भात खाल्ला तर अकरालाच पोट ओरडतं. आत नेमकं चालतं काय? (वाचक, अक्कलकोट रोड)

तेलाचा हात यात सगळ्यात मोठा. भाकरी कितीही कडक असो, दातांनी मोडली आणि लाळेत भिजली की जठर तिला घुसळून एक-दोन मिलिमीटरच्या कणांवर आणतं. त्याहून मोठा तुकडा खालच्या झडपेतून सहसा सुटत नाही, मागे ढकलला जातो. जे सुटतं तेही एकदम नाही, जरा जरा.

लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे ग्रहणी, लांबी जेमतेम २५ सेंटिमीटर. तिथं ही आंबट लापशी येऊन पडली की दोन निरोप सुटतात. आम्ल लागलं की सिक्रिटिन हे हार्मोन रक्तात उतरतं, आणि स्वादुपिंड अल्कधर्मी रस सोडून ते आम्ल मारतं. (माणसाने शोधलेलं हे पहिलं हार्मोन. लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये शोधलं.) तेल आणि प्रथिनं लागली की दुसरं सुटतं, कोलेसिस्टोकायनिन. ते पित्ताशय आवळतं, स्वादुपिंडाकडून एन्झाइम मागवतं आणि जठराला बजावतं, जरा दमानं घे. तुमची दोन वाजेपर्यंतची निश्चिंती इथून येते. नुसत्या भाताला हा लगाम हलकाच लागतो. शिवाय भाताचा स्टार्च झटपट ग्लुकोज होतो, ज्वारीचा सावकाश.

पुढचं काम वाटून घेतलेलं आहे. तेलाचे थेंब पित्तामुळं फुटून बारीक होतात, मग लायपेज त्यांना तोडतं. स्टार्चचे तुकडे अमायलेज करतं, पण शेवटचा घाव आतड्याच्या अस्तरावरच बसतो. माल्टोज, साखर आणि दुधातलं लॅक्टोज तोडणारे एन्झाइम त्या पेशींच्या अंगावरच चिकटलेले असतात. प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपातच निघतं. ग्रहणीत आल्यावर एन्टरोकायनेज त्याचा एक तुकडा छाटतं, तेव्हा ते कामाला लागतं. हे चुकून स्वादुपिंडातच झालं तर ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. पित्ताचा खडा नळीत अडकल्यावर किंवा दारूपायी स्वादुपिंडाला सूज येते, त्यात नेमकं हेच झालेलं असतं.

आता शोषण. सोलापुरात राहणाऱ्याला हे सांगायला सोपं, कारण आपल्या टर्किश टॉवेलवर उभे दोऱ्यांचे फासे असतात. सपाट कापडापेक्षा टॉवेल जास्त पाणी पितो तो त्या फाशांमुळं. आतड्याच्या अस्तरावर तसेच अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे अंकुर असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. प्रत्येक अंकुरावरच्या प्रत्येक पेशीला पुन्हा हजारोंनी सूक्ष्म अंकुर. सगळं पसरलं तर टेनिसच्या मैदानाएवढं होईल असं जुनी पुस्तकं सांगायची. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्यानं मोजलं तेव्हा लहान आतड्याचा हिशेब ३० चौरस मीटरच्या आसपास आला, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. मैदान गेलं, पण एका आटोपशीर फ्लॅटएवढी जागा पोटात आहेच. आणि हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं.

साखर आणि प्रथिनांचे तुकडे रक्तातून आधी यकृताकडे जातात. तेलाची वाट वेगळी. पेशीत त्याची पुन्हा बांधणी होते, ते लसीकेच्या (लिम्फच्या) वाहिनीत शिरतं, छातीतून वर चढतं आणि डाव्या मानेच्या बुडाशी शिरेत उतरतं. भरपूर तेलकट जेवणानंतर दोन-तीन तासांनी रक्त काढलं तर त्यातलं पाणी, म्हणजे सीरम, दुधाळ दिसतं ते त्यामुळं. म्हणून चरबीच्या तपासणीआधी काय खाल्लं ते लॅबवाल्याला सांगा.

लोह मुख्यतः ग्रहणीत घेतलं जातं. ज्वारी-शेंगदाण्यातलं लोह त्यांच्यातल्याच फायटेट नावाच्या द्रव्यात अडकून बसतं. चटणी-भाकरीबरोबर लिंबू पिळलं तर ते सुटायला मदत होते. वर लगेच कपभर चहा ओतला तर उलटं होतं, चहा तासाभरानं घ्या. ही साधी गोष्ट हिमोग्लोबिन कमी असलेल्या घरातसुद्धा कोणी पाळत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

वडिलांच्या ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, “आतडं सगळं तपासलं, तेरा फूट भरलं.” मुलीच्या पुस्तकात वीस फूट लिहिलंय. बाकीचं सात फूट कुठं गेलं? भांडण नाही, नुसतं विचारतोय. (वाचक, बार्शी)

बाकीचं वडिलांकडेच आहे, निर्धास्त राहा. पुस्तकातलं वीस-बावीस फुटांचं माप मृतदेहावरून आलेलं. मेल्यावर आतड्याच्या स्नायूंचा ताण जातो आणि ते सैल होऊन लांबतं. जिवंत माणसाच्या नाकातून नळी घालून मोजलं तर तीन मीटरच्या आसपास भरतं, कारण आतडं नळीवर चुण्या होऊन गोळा होतं. ऑपरेशनच्या टेबलावर ताणून मोजलं तर पाच-सहा मीटर, कधी त्याहून जास्त. तुमच्या सर्जननी किती ओढलं त्यावर फूट ठरले. भूल पूर्ण असताना मोजलं की अर्धवट असताना, त्यानंही फरक पडतो. शिवाय माणसामाणसात मुळातच मोठा फरक असतो. पेठेत कापड मोजताना गज कोणाचा हे आधी विचारतात, तेवढं इथंही विचारावं.

आतडं बाहेर काढून तपासतात म्हणे. मग परत ठेवताना घड्या जशा होत्या तशाच घालतात का? एखादी चुकली तर? (तेच वाचक, पुढच्या पोस्टकार्डावर)

घड्या कोणी लक्षात ठेवत नाही, आणि ठेवायची गरजही नाही. सर्जन वरच्या टोकाला, डाव्या बाजूला ग्रहणी संपते तिथून सुरुवात करतो. वीतभर आतडं एका हातातून दुसऱ्या हातात घेत, दोन्ही अंग पाहत, उजवीकडे खाली मोठ्या आतड्याच्या तोंडापर्यंत जातो. बाहेर असलेला भाग कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडाखाली राहतो, नाहीतर तो सुकतो आणि गार पडतो. ही कापडं पोटात जाताना मोजतात आणि पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजतात. आतड्याचे फूट चुकले तर चालेल, कापडाचा आकडा चुकून चालत नाही.

मग सगळं ओंजळी-ओंजळीनं आत. ते जागेवर बसतं, कारण मोकळं नसतंच. आतड्याची एक कड आंत्रबंध नावाच्या पडद्याला जोडलेली असते आणि रक्तवाहिन्या त्यातूनच येतात. हा पडदा पाठीला जिथं चिकटतो ते मूळ फक्त १५ सेंटिमीटर, आणि समोरची कड कित्येक मीटर. त्यामुळं चुण्या आपोआप पडतात आणि हालचाल सुरू झाली की वेटोळी आपापली जागा घेतात. उद्या पोट उघडलं तर आजची घडी दिसणार नाही.

भीती वेगळ्याच गोष्टीची. पडद्याला पूर्ण पीळ बसला तर रक्त बंद पडतं आणि काही तासांत आतडं काळं पडतं. म्हणून आत ठेवण्यापूर्वी मुळाशी हात घालून पीळ नाही ना हे पाहतात. तुकडा कापून जोड दिला असेल तर पडद्यात राहिलेली फट शिवतात, कारण त्या फटीतून दुसरं वेटोळं घुसून अडकू शकतं. जोड देताना टाका साधारण पाच मिलिमीटरवरून घेतात. तो आतड्याच्या चार थरांपैकी एकाच थरात धरतो, अस्तराच्या खालच्या सबम्युकोसात. बाकीचे थर टाक्याने चिरतात. अमेरिकेत हॅल्स्टेड या सर्जननं १८८७ मध्ये हे दाखवून दिलं. जोड गळायची शक्यता पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास जास्त. त्या दिवसांत ताप, वाढलेली नाडी, फुगलेलं पोट यातलं काही दिसलं तर “टाके ओढत असतील” म्हणून घरी बसू नका.

एक गंमत : आतड्याला कापलेलं कळत नाही, भाजलेलंही नाही. ताणलेलं मात्र लगेच कळतं. म्हणून गॅसने फुगलं की माणूस वाकून बसतो, आणि लहान आतड्याची कळ नेमकी जागा न सांगता बेंबीभोवती फिरते.

आप्पांचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले. सर्जन येतात, जखमेकडं बघतबी नाहीत, पहिलं विचारतात, “गॅस गेला का?” इतक्या मोठ्या डॉक्टरांनी एवढंच विचारायचं का ओ? (वाचक, जुळे सोलापूर)

एवढंच विचारायचं, आणि जपून ऐकायचं. एरवी चारचौघांत ज्याबद्दल मान खाली जाते, त्याची बातमी हैदराबादच्या पाहुण्यांपर्यंत फोनवरून जाते, असा योग आयुष्यात ऑपरेशननंतरच येतो.

पोट उघडलं, आतड्याला हात लागला की ते रुसतं. हाताळणीने आलेली सूज, वेदनेसाठी दिलेली अफूवर्गातली औषधं आणि कमी झालेलं पोटॅशियम, तिघं मिळून हालचाल बंद पाडतात. रुसवा सुटतो तो क्रमानं. लहान आतडं बहुधा २४ तासांच्या आत हलायला लागतं, जठर २४ ते ४८ तासांत, मोठं आतडं ४८ ते ७२ तासांत. वारा सरतो सगळ्यात शेवटच्या टोकाने, म्हणजे तो सरला की वरची लाइन चालू झाली. आप्पांचा तिसरा दिवस आहे, अजून काळजीची वेळ झालेली नाही.

मदत करता येते. आप्पांना दिवसातून चार-पाच वेळा उठवून कॉरिडॉरमधून चालवा, सलाइनचा स्टँड ढकलत. सर्जनची परवानगी असेल तर च्युइंगम चघळायला द्या. आतड्याला वाटतं जेवण आलं, आणि ते जागं होतं. याचा थोडाफार फायदा अभ्यासांत दिसलाय. पूर्वी गॅस जाईपर्यंत पाण्याचा थेंब देत नसत, आता बऱ्याच ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासूनच घोट घोट सुरू करतात. ते किती, हे वॉर्डातली सिस्टर सांगेल. भेटायला आलेल्या आत्याबाईंनी सांगायचं नाही. नारळपाणी आणि पेढे ही आत्याबाईंची खास शस्त्रं, दोन्ही बाहेर बाकावर ठेवायला सांगा.

हिरवी उलटी, टम्म फुगलेलं पोट, आणि चार-पाच दिवस झाले तरी वारा-संडास काहीच नाही, यातलं काही असेल तर लगेच कळवा. अशा वेळी नाकातून नळी घालून जठर रिकामं करावं लागतं आणि कुठं अडथळा आहे का ते शोधावं लागतं.

भावाचं आतडं टीबीमुळं कापलं, शेवटचा दीड-दोन फुटांचा तुकडा. पचन बिघडेल का? (वाचक, मंगळवेढा)

सहसा फारसं नाही. पण कापलं किती यापेक्षा उरलं किती आणि कुठलं, हे महत्त्वाचं. डिस्चार्ज कार्डावर उरलेली लांबी लिहून घ्या. हे वाक्य अधोरेखित करा, कारण कार्डावर बहुधा काढलेल्या तुकड्याचीच लांबी असते आणि दहा वर्षांनी ती कोणाच्या कामाची नसते. लहान आतडं दोन मीटरच्या खाली आलं तर अन्नपाणी पुरेसं घेता येत नाही असं धरून चालतात. त्याहून फारच कमी उरलं, आणि मोठं आतडंही गेलं असेल, तर शिरेतून पोषण द्यावं लागू शकतं.

वरचा भाग काढला तर खालचा त्याचं काम शिकून घेतो, वर्ष-दोन वर्षांत त्याचे अंकुर उंच होतात. उलटं होत नाही. शेवटच्या भागाची दोन कामं दुसरं कोणीच करत नाही : बी-१२ हे जीवनसत्त्व घेणं आणि पित्तातले क्षार परत घेणं. ६० सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त गेलं तर बी-१२ ची पातळी पाहून इंजेक्शनं लागतात, तीही कायमची. भाऊ नेमके या सीमेवर आहेत. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षांचा असतो, त्यामुळं आज सगळं ठीक वाटतं आणि तीन-चार वर्षांनी पायाला मुंग्या येतात. तेव्हा वर्षातून एकदा तपासणी चुकवू नका.

एक मीटरहून जास्त गेलं असेल तर आणखी एक भानगड. न शोषलेली चरबी कॅल्शियमला धरून बसते, मग एरवी कॅल्शियमला चिकटून बाहेर पडणारं अन्नातलं ऑक्झलेट मोकळं राहतं, मोठ्या आतड्यातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात. अशा रुग्णाला पालक, काळा चहा आणि शेंगदाणे बेताने खायला सांगतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला शेंगा बेताने खा म्हणणं ही ऑपरेशनपेक्षा मोठी शिक्षा आहे, याची आम्हाला कल्पना आहे. भावावर बहुधा ती वेळ यायची नाही.

मुलीला सिलिअॅक निघाला. गहू पूर्ण बंद, घरात ज्वारीच, तरी वर्षभरानं रक्तातला टीटीजी (या आजाराची रक्ततपासणी) वाढलेलाच. चुकतंय कुठं? (वाचक, विजापूर रोड)

बहुधा गिरणीत. सिलिअॅकमध्ये गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळं ते टॉवेलचे फासे झडून अस्तर सपाट होतं. ज्वारीत हे ग्लुटेन नाही, पण ज्वारी ज्या दगडातून जाते त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू असतो. दगड, नळी आणि कापडी पिशवीत अडकलेलं पीठ तुमच्या पहिल्या किलोभरात उतरतं. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन गेलं तर बहुतेकांना चालतं, आणि एका चपातीत दोन-अडीच ग्रॅम असतं. म्हणजे चपातीचा दोनशेवा भाग झाला की मर्यादा संपली. गिरणीवाल्या मामांनी कितीही झटकून दिलं तरी हे जमत नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू एकदाही घालू नका. ते शक्य नसेल तर ज्वारीच दळणारी गिरणी शोधा.

मग डबे तपासा. बाजारातल्या खड्याच्या आणि पुडीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, पाकिटावर मागे वाचा. थालीपिठाची भाजणी आणि धपाट्याचं पीठ यात मूठभर गहू घालायची पद्धत आहे, शेजारणीकडून आलेल्या डब्यात तर असणारच. दुधात घालायच्या माल्ट पावडरीत बार्ली असते, तिचंही ग्लुटेन चालत नाही. चपातीचा तवा, पोळपाट, तळणीचं तेल वेगळं ठेवा. शाळेच्या डब्याची अदलाबदल होते का, हे मुलीला न रागावता विचारा.

घरातल्या आणखी कोणाला शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका. सोडला की अंकुर सुधारू लागतात, टीटीजी उतरतो आणि निदानच हुकतं. दुर्बिणीतून ग्रहणीचे निदान चार तुकडे घ्यायला हवेत, कारण आजार ठिगळाठिगळानं असू शकतो.

वारीत जुलाब लागले तर ओआरएस पुरतं का? मीठ-साखरेच्या पाण्यात असं काय आहे? (वाचक, पंढरपूर)

बहुतेक वेळा पुरतं. आतड्याच्या पेशीत एक वाहक आहे, तो ग्लुकोज आणि सोडियम जोडीनंच आत घेतो, आणि मागोमाग पाणी येतं. जुलाबात इतर वाटा बिघडल्या तरी ही चालू राहते. बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटलं, आणि मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासवरून चार टक्क्यांच्या आत आलं.

चुका होतात त्या मापात. मोठं पाकीट (२०.५ ग्रॅम) एक लिटरसाठी आहे. अर्धं पेल्यात ओतलं तर ते घट्ट पाणी आतड्यात उलट पाणी खेचून घेतं आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक आणि डब्यातल्या सरबतानं तेच होतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. कालवलेलं २४ तासांत संपवा. लहान मुलांना सोबत झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. जुलाबात रक्त असेल, लघवी सहा तास झाली नसेल किंवा माणूस सुस्तावला असेल तर पाकिटावर विसंबू नका, दिंडीसोबतची रुग्णवाहिका गाठा.

पूर्वी आतडं मुंग्यांनी शिवायचे म्हणे. थाप ना? (वाचक, मोहोळ)

नाही. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळे मुंगळे चावायला लावण्याची पद्धत दिली आहे. चावले की धड कापायचं, डोकं तसंच ठेवायचं. पुढच्या काळात मेंढीच्या आतड्यापासून केलेला कॅटगट आला (नावात मांजर असलं तरी मांजराचा काही संबंध नाही), म्हणजे आतडं आतड्यानंच शिवलं जायचं. आता बहुतेक ठिकाणी विरघळणारा कृत्रिम धागा किंवा स्टेपलर. त्यामुळं “टाके शाकाहारी आहेत ना” या प्रश्नाला सर्जन हल्ली न अडखळता होकार देतो. रक्त पातळ ठेवायच्या हेपॅरिनबद्दल मात्र विचारू नका, ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात.

पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. पोट ठीक आहे, उजवा खांदा ठणकतो. खांद्याला हात लावला होता का कोणी? (वाचक, कुर्डुवाडी)

नाही. आत दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा उरतो, वर चढून छाती आणि पोटाच्या मधल्या श्वासपटलाखाली बसतो, आणि श्वासपटल व खांदा यांच्या नसा मानेतून एकाच जागेवरून निघत असल्यामुळं मेंदू खांद्याकडे बोट दाखवतो. दोन-तीन दिवसांत जातो. चाला, आडवं पडा, साधी वेदनाशामक गोळी घ्या. दम लागला, पोटरी सुजली, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी सर्जनला दाखवा. पित्त आता साठत नाही, सतत ग्रहणीत ठिबकतं. त्यामुळं काहींना तेलकट जेवणानंतर काही आठवडे पातळ होतं. तोवर भज्यांचा घाणा अर्धा.